औषधाच्या कोपऱ्यातली माती

द्राक्षबागेतली सगळ्यात नापीक जागा बघायची असेल तर ओळींमधून फिरू नये, विहिरीकडे जावं. तिथे दोनशे लिटरचा निळा ड्रम असतो, ढवळायला बांबूची काठी असते, पाण्याचा कॉक असतो आणि ट्रॅक्टरला ब्लोअर लावून उभा करता येईल एवढं अंगण असतं. औषधाच्या पुड्या इथेच फुटतात. थोडी पावडर वाऱ्यावर जाते, थोडी सांडते. फवारणी संपली की ब्लोअरची टाकी इथेच विसळतात, नोझल इथेच फुंकून साफ करतात आणि तळाशी उरलेलं पाणी इथेच सोडून देतात. हंगामामागून हंगाम असंच चालतं. निफाड तालुक्यातल्या ज्या बागेत मी उभा होतो, तिथे या कोपऱ्यातल्या मातीवर निळसर पांढरी साय धरलेली होती.

"इथं हरळीबी येत नाही," बागेचे मालक म्हणाले. साठीचे गृहस्थ, सगळा गाव त्यांना काका म्हणतो. हरळी येत नाही म्हणजे काय, हे ज्याने शेतात हरळी खणली आहे त्यालाच कळेल.

अंकाचा विषय 'माती' ठरल्यावर संपादकांनी माझ्या वाट्याला जिवाणू दिले. शेतात साचलेलं बुरशीनाशक खाऊन टाकणारे जिवाणू असतात म्हणे, ते खरं काय आहे ते बघून लिहा. पोळा होऊन गेला होता, फळछाटण्या सुरू व्हायच्या होत्या. बागायतदाराला दोन शब्द बोलायला वेळ असतो तो याच दिवसांत. एकदा छाटणी झाली की तो आभाळाकडे बघत असतो, नाहीतर पानाच्या खालच्या बाजूला.

छाटणीनंतरचे दिवस

थॉमसनची बाग छाटली की काही दिवसांत डोळे फुगतात, पोंगा बाहेर येतो. तिथून मणी सेट होईपर्यंतचा काळ हा बागायतदाराच्या वर्षाचा कस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस पडला, नुसतं ढग आणि दव राहिलं, तरी डावणी येते. दोडा अवस्थेत डावणी घुसली तर घड हातात राहत नाहीत, जळून गळतात. डावणी आवरली की करपा, थंडी पडली की भुरी. तिन्ही रोगांची औषधं वेगळी. मॅन्कोझेब, मेटालॅक्झिल, डायमेथोमॉर्फ, ट्रायझोल गटातली चार-दोन आणि अगदी जुनं, घरच्यासारखं झालेलं कार्बेन्डाझिम. बाविस्टीन या नावाने ते आज्यालाही माहीत होतं.

"पाऊस लागला तर रोज मारतो," काकांचा मुलगा म्हणाला. कृषी पदवीधर आहे, वहीत प्रत्येक फवारणी टिपून ठेवतो. "सकाळी मारलं अन् दुपारी पाऊस आला, तर संध्याकाळी परत."

दुपारच्या पावसाने धुतलेलं सकाळचं औषध जातं कुठे? बोदावर. पानावरून ओघळतं, मातीत उतरतं. वाऱ्याने भरकटलेला तुषार मातीवर बसतो, छाटलेली आणि गळलेली पानं अंगावरच्या औषधासकट मातीत मिसळतात. डाळिंबात आणि आल्यात तर मध्यस्थच नाही. मर रोगासाठी, कंदकुजीसाठी औषध थेट मुळाशी ओततात. त्याला आळवणी म्हणतात. सटाण्यापासून सांगोल्यापर्यंत आणि तिकडे साताऱ्यातल्या आल्याच्या पट्ट्यात आळवणी किती झाल्या, यावर पारावर चर्चा चालतात.

या सगळ्या औषधांत कार्बेन्डाझिम चिवट. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या अहवालात त्याचा उघड्या मातीतला अर्धायुष्यकाळ सहा ते बारा महिने दिला आहे, हिरवळीच्या मातीत तीन ते सहा. म्हणजे उघड्या जमिनीवर पडलेल्या औषधातलं निम्मं पुढच्या छाटणीलाही हजर असू शकतं. त्यावर नवं पडतं. गांडुळांना ते इतकं बाधतं की नव्या औषधांचा गांडुळांवरचा परिणाम तपासताना तुलनेसाठी 'हमखास घातक' म्हणून कार्बेन्डाझिमच वापरतात.

फळाचा रिपोर्ट असतो, मातीचा नसतो

नाशिकच्या बागायतदाराला 'रेसिड्यू' हा शब्द शिकवायला लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हापासून तर तो घरातल्या बायकांच्याही तोंडी बसला. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदलेली असते. तोडणीआधी घड काढून प्रयोगशाळेत जातात, शेकडो रसायनांची यादी लावून तपासले जातात आणि किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचे आकडे छापून येतात. सॅम्पल फेल झालं तर माल देशी बाजारात जातो आणि भाव पडतो.

मातीचाही रिपोर्ट काकांनी दाखवला. मृदा आरोग्य पत्रिका. २०१५ पासून ही योजना आहे, बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. बुरशीनाशकाचा रकाना नाही, कारण ही पत्रिका खत किती घालायचं हे सांगायला काढलेली आहे. त्यात तांबं मात्र आहे. पिकाला तांबं कमी पडू नये म्हणून किलोभर मातीत ०.२ मिलिग्रॅम ही किमान रेघ धरतात. काकांच्या पत्रिकेतला आकडा त्या रेघेच्या कितीतरी वर होता आणि समोर शेरा होता, 'पुरेसे'.

मला ते वाचून हसू आलं, काकांना आलं नाही.

बुरशी मरते, जिवाणू का मरत नाहीत

मुळात बुरशी मारायला टाकलेलं औषध जिवाणू खातात कसे, हा प्रश्न काकांनीच विचारला आणि तो रास्त आहे. उत्तर पेशीच्या आत आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणारे दोरखंड लागतात. ते ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बनतात. कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिनला जाऊन चिकटतं, दोरखंड वळले जात नाहीत, पेशी दुभंगत नाही, बुरशीची वाढ थांबते. जिवाणूंचा दुभंगायचा कारखानाच निराळा. त्यांच्याकडे त्या जागी वेगळं प्रथिन असतं आणि कार्बेन्डाझिमला तिथे धरायला काही मिळत नाही. म्हणून बुरशीला विष असलेला हा रेणू जिवाणूच्या लेखी कार्बन आणि नत्राचा गोळा असतो. फोडता आला तर खाऊ, नाहीतर पडून राहू दे.

जाता जाता एक सांगून टाकतो. मित्रबुरशी म्हणून जी ट्रायकोडर्मा बागायतदार हौसेने सोडतात ती बुरशीच आहे. कार्बेन्डाझिमच्या आळवणीवर आठ दिवसांत ट्रायकोडर्मा सोडणं म्हणजे पैसे ठिबकमधून सोडणं. हे मी पाहिलं, एका नव्हे बऱ्याच बागांत पाहिलं.

फोडायची रीत अशी. कार्बेन्डाझिमच्या रेणूला एक शेपटी असते. जिवाणूचं विकर पाण्याच्या मदतीने ती शेपटी कापतं. उरतं २-अमिनोबेन्झिमिडॅझोल. ते मूळ औषधापेक्षा कमी विषारी, पण मातीत रेंगाळणारं. काही जिवाणू इथेच थांबतात. काही पुढे जाऊन कडी उघडतात, तुकडे करतात आणि शेवटी कर्बवायू, पाणी, अमोनियापर्यंत नेतात. त्यामुळे एखाद्या जिवाणूने 'नव्वद टक्के कार्बेन्डाझिम घालवलं' असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा: घालवलं म्हणजे कुठपर्यंत नेलं? मॅन्कोझेबचंही असंच. ते मातीत काही दिवसांतच तुटतं, म्हणून लोकांना ते सौम्य वाटतं. पण तुटताना इथिलीन थायोयुरिया मागे ठेवतं आणि त्याचीच काळजी जास्त.

शेपटी कापणारं ते विकर ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या संशोधकांनी नोकार्डिऑइडिस वंशाच्या एका जिवाणूतून वेगळं केलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. त्याची गंमत म्हणजे त्याला काम करायला दुसऱ्या कुठल्या सहायक रेणूची गरज लागत नाही. म्हणजे जिवाणू बाजूला ठेवून नुसतं विकर वापरता येईल, धुण्याच्या पाण्यात वगैरे. कल्पना देखणी आहे. शेतकऱ्याला परवडेल अशा भावात ती माझ्या पाहण्यात आलेली नाही.

गढूळ ताटलीतलं स्वच्छ वर्तुळ

असे जिवाणू शोधतात कसे, ते पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बघायला मिळालं. रीत जुनी आणि थोडी क्रूर आहे. ज्या शेतात वर्षानुवर्षं औषध पडलं आहे तिथली चिमूटभर माती आणायची. चंबूत पाणी, थोडे क्षार आणि खायला फक्त कार्बेन्डाझिम. साखर नाही, दुसरं काही नाही. ज्याला ते खाता येतं तो वाढेल, बाकीचे उपाशी मरतील. आठवड्याने त्यातले काही थेंब नव्या चंबूत टाकायचे, परत तेच अन्न. असे फेरे झाले की गर्दी ओसरते आणि मोजके खाणारे उरतात.

मग ताटली. कार्बेन्डाझिम पाण्यात फार थोडं विरघळतं, साध्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे आठ मिलिग्रॅम. त्याहून जास्त घातलं की अगारची ताटली ताकासारखी गढूळ होते. तिच्यावर जिवाणूंच्या वसाहती उगवल्या की बहुतेकांभोवती काहीच होत नाही. एखाद्या वसाहतीभोवती मात्र गढूळपणा निवळून स्वच्छ वर्तुळ पडतं. तिने भोवतीचं औषध संपवलेलं असतं. संशोधक विद्यार्थिनीने ताटली खिडकीसमोर धरून दाखवली. "सर, ही एक मिळायला मला अख्खं सेमिस्टर लागलं," ती म्हणाली. वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं होतं.

वर्तुळ दिसलं म्हणजे काम झालं असं मुळीच नाही. औषध मातीच्या कणांना नुसतं चिकटून बसलं तरी ते गायब झाल्यासारखं भासतं. म्हणून एक चंबू जिवाणूंचा, एक मारलेल्या जिवाणूंचा, एक रिकामा. माती घेतली तर थोडी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली, थोडी तशीच. सगळ्यांतले नमुने ठरावीक दिवसांनी यंत्रावर चढवायचे आणि मूळ औषध किती उरलं, तुकडे कुठले दिसतात ते बघायचं.

आपल्याकडे या वाटेवरचं नाव घ्यावं असं काम मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात झालं. तिथल्या गटाने बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे चार वाण, डीआर-३९, सीएस-१२६, टीएल-१७१ आणि टीएस-२०४, तपासले. २०१३ मध्ये प्रोफेनोफॉस या कीटकनाशकावर आणि २०१४ मध्ये कार्बेन्डाझिमवर त्यांचे निबंध आले. मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, प्रोफेनोफॉस फोडणारा जिवाणू त्यांना बाहेरून आणावा लागला नाही, द्राक्षवेलीवरच मिळाला. दुसरी, बॅसिलस बीजाणू करतो. कोरड, ऊन, उपासमार आली की तो जाड कवचात जाऊन बसतो आणि दिवस बरे आले की उठतो. ऱ्होडोकोकस, स्यूडोमोनास यांच्यात कार्बेन्डाझिम फोडणारे तगडे गडी सापडले आहेत, पण त्यांना ही युक्ती येत नाही. पत्र्याच्या गोदामात एप्रिल काढायचा तर बॅसिलसच.

खाणारे माजले तर

मातीने विष पचवणं ही आपल्याला चांगली बातमी वाटते. शेतकऱ्याला ती नेहमीच तशी नव्हती, आणि या विद्येचा अर्धा इतिहास तक्रारींतून आलेला आहे.

१९४९ मध्ये लंडनमध्ये ऑडस या शास्त्रज्ञाने मातीच्या नळीतून २,४-डी हे तणनाशक फिरवत ठेवलं. आधी बरेच दिवस काहीच घडलं नाही, मग ते झपाट्याने संपलं. पुन्हा घातलं तर ताबडतोब संपलं. माती शिकली होती. १९७३ मध्ये फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने योशिदा या सहकाऱ्याबरोबर डायझिनॉन आणि पॅराथिऑन फोडणारा जिवाणू जगापुढे ठेवला. तो मिळाला होता भातखाचरात, डायझिनॉन पडलेल्या पाण्यात. सेतुनाथन यांनी पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत हेच काम वाढवलं.

बुरशीनाशकांतली उदाहरणं कांदेवाल्यांनी ऐकावीत अशी आहेत. इंग्लंडात कांद्याच्या पांढऱ्या कुजीवर इप्रोडिऑन चालत असे. एका जमिनीत तेच ते पडत गेलं आणि काही वर्षांत चालेनासं झालं. रोगकारक बुरशी निर्ढावली असेल असं वाटेल, पण वेल्सबर्नच्या संशोधकांना १९८०च्या दशकात आढळलं ते वेगळंच: मातीतले जिवाणू औषध बुरशीपर्यंत पोचण्याआधीच फस्त करत होते. इस्रायलमध्ये यार्डन, अहरॉन्सन आणि काटान यांनी १९८७ मध्ये खुद्द कार्बेन्डाझिमबद्दल तेच दाखवलं. इतर जमिनींत महिने टिकणारं औषध वारंवार वापरलेल्या जमिनीत फार लवकर नाहीसं होत होतं. त्यांच्या निबंधात हा वेग आवरायचा कसा, याची चर्चा आहे. आपण ज्याच्या मागे लागलो आहोत ते त्यांना थांबवायचं होतं.

काकांना हे सांगितलं तर ते पटकन म्हणाले, "म्हणजे आमचं बाविस्टीन चालत नाही ते यानंच?" तसं मात्र नसावं. वेलीवरचा करपा दाद देत नाही तो बहुधा करप्याच्या बुरशीतच बदल झाला म्हणून, ट्युब्युलिनचा एखादा सांधा बदलला की औषध चिकटत नाही. पानावरची गोष्ट निराळी, मातीतली निराळी. पण त्यांचा प्रश्न मला बाग सोडेपर्यंत सुटला नाही, कारण एकाच शेतात दोन्ही चालू असू शकतात: वर बुरशी मरत नाही म्हणून जास्त फवारा, खाली तो पचवणारे वाढताहेत, आणि ज्या गांडुळांचा यात काही दोष नाही ती मधल्या मध्ये गेली.

बाटलीचं गणित

पिंपळगावच्या बाजूला कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर आता जिवाणूंचा स्वतंत्र कप्पा असतो. बाटल्यांवर हिरवी पानं, 'रेसिड्यू फ्री'ची अक्षरं आणि कोपऱ्यात बारीक टायपात संख्या: एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी. दुकानदार मोकळेपणाने बोलला. "आवो, मी काय प्रयोगशाळा थोडीच. कंपनीचा माणूस सांगतो दोन लिटर एकरी, मी सांगतो दोन लिटर एकरी."

दोन लिटरचं गणित तिथेच पावतीच्या मागे मांडलं. दोन हजार मिलिलिटर गुणिले दहा कोटी, म्हणजे वीस हजार कोटी जिवाणू. आकडा छाती दडपवणारा. आता जमीन. एक एकराचा वरचा सहा इंचांचा थर साधारण आठशे टन भरतो, म्हणजे ऐंशी कोटी ग्रॅम. भागाकार केला की ग्रॅमभर मातीच्या वाट्याला येतात अडीचशे. ठिबकमधून फक्त बोदावर सोडले तर हजार धरा. आणि त्या ग्रॅमभर मातीत आधीपासून राहणारे किती? कोट्यवधी. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर परगावचा एक माणूस सोडावा, तसं हे झालं.

शिवाय ते आधीचे रहिवासी पाहुण्याची वाट बघत बसलेले नसतात. आदिजीव जिवाणू खाऊन जगतात. चंबूत एकट्याने अन्न खाल्लेल्या वाणाला इथे प्रत्येक कणासाठी झगडावं लागतं. नाशिकच्या काळ्या चिकण मातीला औषध असं धरून बसतं की जिवाणूला ते दिसतं पण सुटत नाही. आणि अन्न म्हणून बघितलं तर शेतभर पसरलेलं औषध फार थोडं असतं, त्याच्यावर कुणाचा संसार चालत नाही. प्रयोगशाळेत दोन दिवसांत कामगिरी करणारे वाण शेतात महिन्याभराने शोधूनही सापडत नाहीत, ही या क्षेत्रातली नेहमीची रड आहे.

मग बाटली टाकून द्यायची? मी तसं म्हणणार नाही. घडांवर, पानांवर फवारलेल्या बॅसिलसची गोष्ट वेगळी, तिथे गर्दी कमी असते आणि औषध उघडं असतं. मांजरीचं काम द्राक्षावरच्या औषधाच्या अंशावरही होतं ते यामुळेच. पण एकरी दोन लिटर सोडून जमीन शुद्ध होते, यावर माझा विश्वास बसत नाही. ज्या बागांत माती सुधारलेली दिसली तिथे बाटलीबरोबर शेणखत होतं, पाचटाचं आच्छादन होतं, बोद सतत ओलसर होता, काडीकचरा जाळण्याऐवजी कुट्टी करून ओळीत टाकलेला होता. ओल, हवा आणि कर्ब मिळाला की आधीचेच रहिवासी कामाला लागतात. काकांच्या शेजाऱ्याने दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गूळ-बेसनाची स्लरी करून सोडली, बाटली उघडलीच नाही. त्याच्या बोदात मला गांडुळाची विष्ठा दिसली. यावरून मी काही सिद्ध केलं असं समजू नका. मी फक्त खाली वाकून बघितलं.

मोरचूद कुणी खात नाही

या सगळ्यात एक गडी असा आहे की त्याच्यापुढे कुठल्याच जिवाणूची मात्रा चालत नाही. कार्बेन्डाझिम रेणू आहे, रेणू मोडतो. तांबं मूलद्रव्य आहे. ते मोडून त्याचं दुसरं काही होत नाही.

बोर्डो मिश्रणाची जन्मकथा बागायतदारांना सांगायला मला आवडते. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींची पानं डावणीतून वाचली आहेत. १८८५ मध्ये त्याने मिश्रण जाहीर केलं. चोरांसाठीचा उपाय जगभरच्या बागांना मिळाला. आजही काका शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना भिजवतात, लिटमस कागद बुडवतात आणि मिश्रण उदासीन झालं की मगच मारतात. सेंद्रिय शेतीवालेही हेच वापरतात.

आता हिशेब. एक टक्का बोर्डो हेक्टरी हजार लिटर मारलं तर दहा किलो मोरचूद गेलं. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं, म्हणजे अडीच किलो. युरोपने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. एक टक्क्याच्या दोन फवारण्यांत आपण तिच्यापुढे जातो. खरड छाटणीनंतरच्या पावसाळ्यात दोनवर थांबणारा बागायतदार मला भेटला नाही. अर्धा टक्का वापरणारे भेटले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

तांबं जिवाणूंनाही मारतं. म्हणजे कार्बेन्डाझिम पचवायला जे बोलवायचे त्यांच्याच ताटात आपण मोरचूद कालवतो. काही जिवाणू तांबं सोसतात, अंगाला बांधून ठेवतात, काही ते सैल करून वनस्पतीच्या मुळांना देतात आणि मग ती वनस्पती कापून बाहेर न्यायची अशीही एक योजना आहे. पण कापणीमागे निघणारं तांबं इतकं थोडं, की शतकाचा हिशेब करावा लागतो. तांब्याबाबत करण्यासारखं एकच आहे, कमी टाकणं. त्याची जिवाणूंसारखी जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कमी टाकायला लावणं सरकारलाही जड जातं. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब दोन्ही होती. पुढे बंदीच्या यादीत ती राहिली नाहीत. युरोपात कार्बेन्डाझिमची मान्यता २०१४ मध्येच संपली, मॅन्कोझेबची २०२० मध्ये नूतनीकरण नाकारून काढून घेतली. तिकडे जाणाऱ्या द्राक्षासाठी आपला बागायतदार ती टाळतो. पोटखराब्याच्या कडेला लावलेल्या टोमॅटोवर मारतो.

काडाचा खड्डा

जिवाणूंचा खरा उपयोग कुठे आहे, याचं माझं उत्तर पुन्हा त्या ड्रमच्या कोपऱ्यापाशी येतं. शेतभर पसरलेलं औषध विरळ असतं. कोपऱ्यात ते दाट असतं. जिथे अन्न दाट तिथे खाणारे पोसता येतात. आणि पाणी मुरून विहिरीत उतरायची भीतीही तिथेच सगळ्यात जास्त.

स्वीडनच्या शेतकऱ्यांनी १९९३ पासून याचा साधा उपाय केला, लार्स टोर्स्टेन्सन हे नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. औषध भरायच्या जागी खड्डा. तळाला चिकण मातीचा थर, पाणी खाली जाऊ नये म्हणून. वर अर्धा मीटर मिश्रण: निम्मं गव्हाचं काड, पाव हिस्सा पीट, पाव हिस्सा शेतातलीच माती. त्यावर हिरवळ. ट्रॅक्टर खड्ड्यावर उभा करायचा, सांडलेलं, धुतलेलं सगळं त्यात. काड कुजवणाऱ्या बुरशा लाकडातलं लिग्निन फोडायला जी विकरं सोडतात ती फारशी चोखंदळ नसतात, औषधांचे रेणूही फोडतात. जिवाणू उरलेलं बघतात. पीट औषध धरून ठेवतं, म्हणजे त्यांना वेळ मिळतो. हिरवळ पाणी उडवते आणि खड्डा कोरडा पडतोय की डबडबलाय ते वरूनच सांगते. दुसऱ्या देशांनी पीटऐवजी कंपोस्ट घातलं, काडाऐवजी हाताशी येईल तो पालापाचोळा. आपल्याकडे काड आहे, उसाचं पाचट आहे, कोकोपीट तर प्रत्येक नर्सरीत आहे. आणि मातीसाठी जुन्या बागेच्या ओळीत जायचं, कारण तिथले रहिवासी या अन्नाला सरावलेले असतात. बाटली विकत घ्यावी लागत नाही.

हे सगळं मी काकांच्या ओट्यावर बसून कागदावर काढून दाखवलं. मुलगा लगेच मापं विचारायला लागला. काकांच्या शंका वेगळ्या होत्या. पहिली, आमच्याकडे जुलैत आठ दिवस झड लागते, खड्डा भरून वाहील. खरं आहे, वर पत्र्याचं छप्पर हवं, आणि स्वीडनपेक्षा इथे तेच आधी बांधावं लागेल. दुसरी, बोर्डोचा ड्रम धुतलेलं पाणी यात गेलं तर? तेही खरं. तांबं खड्ड्यात साठत जाईल आणि खाणाऱ्यांना मारेल. बोर्डोचं धुणं वेगळं ठेवायचं, पुढच्या बोर्डोत वापरायचं.

तिसरी शंका मला आवडली. "काड कुजलं की खड्डा बसणार. वरून नवं घालू, ठीक. पण दर काही वर्षांनी सगळा काढावा लागेल. तो माल टाकायचा कुठं?"

तिकडे तो बाहेर काढून काही महिने ढीग लावून कुजवतात, राहिलंसाहिलं तुटू देतात आणि मग शेतात पसरतात, हे मी सांगितलं.

"तोवर ही बाग काढायला येईल," काका म्हणाले.

"मग नव्या बागेच्या चरात घालू," मुलगा म्हणाला.

काकांनी कागद उचलला, चष्मा वर केला आणि खड्ड्याच्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "घालशील, पण आधी तपासून आण. घड तपासतात ना, तसं."

मुलाने निर्यातीची सॅम्पलं घेणाऱ्या प्रयोगशाळेचा नंबर लावला. माती घेता का, किती ग्रॅम लागेल, कशात भरून आणायची, कार्बेन्डाझिमबरोबर त्याचा तुटलेला तुकडाही बघाल का, असं तो विचारत होता. शेवटचा प्रश्न त्याने मला दोनदा विचारून घेतला होता. पलीकडून दर सांगितला गेला. त्याने तो फवारणीच्या वहीत, तारखेसमोर लिहिला आणि खाली बापाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. काका म्हणाले, दोन नमुने घे, एक कोपऱ्यातला आणि एक ओळीतला.